लाल स्पेशल आणि दोन म्हशी

लोणावळ्यात ऋतू दोनच. एक सीझन, आणि दुसरा सीझन नसलेला. पंचांगवाल्यांनी रागवू नये, पण चाळीस वर्षं स्टेशनबाहेर टॅक्सी लावून बसलेल्या माणसाचं पंचांग असंच असायचं. मुलांच्या परीक्षा संपल्या, मुंबईला घामाच्या धारा लागल्या, की आमच्याकडे चैत्र-वैशाख काही नसतं, सीझन असतो. आज सकाळी ठाकरवाडीची एक बाई दारात टोपली उतरवून बसली. "आबा, करवंदं घ्या, आत्ताच उतरवून आनल्यात." पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात काळीभोर करवंदं, आणि देठाचा तो पांढरा चीक बोटांना चिकटलेला. एक तोंडात टाकलं आणि मन जे निघालं ते थेट त्या एका सीझनला जाऊन थांबलं. दर वर्षी हे असंच होतं. करवंद खाल्लं की मला ब्रेक आठवतो. करवंदाचा आणि ब्रेकचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. सांगतो. घाई कुणाला आहे?

आधी मी कोण ते सांगतो. मी दत्तू, टॅक्सी ड्रायव्हर. शिक्षण सातवी, फायनल पास. पुढचं सगळं शिक्षण गाडीच्या मागच्या सीटवर झालं. गिऱ्हाईक उतरलं की सीटवर काहीतरी राहायचंच. वर्तमानपत्र, दिवाळी अंक, कधी अर्धी वाचून कंटाळलेली कादंबरी. ते मी पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत वाचून काढायचो. कितीतरी कादंबऱ्यांचे शेवट मला ठाऊक नाहीत, कारण शेवटच्या पानांआधीच मालक पुस्तकासाठी परत यायचा. त्यामुळे लिहिण्याबोलण्याची थोडी हौस लागली, आणि बायकोच्या मते जिभेला हाड राहिलं नाही.

साठ सालानंतरची ती वर्षं. त्या वेळचा सीझन आठवला की आधी आठवतो तो झाडूचा आवाज. खंडाळ्याचे बंगले वर्षभर डोळे मिटून पडलेले असायचे. एप्रिलच्या शेवटी एखाद्या सकाळी माळी फाटकाची कडी काढायचा आणि मग बघता बघता ओळीने सगळे जागे व्हायचे. गाद्या उन्हात पडायच्या, पडदे झटकले जायचे, वाळक्या पानांचे ढीग पेटायचे. त्या धुरात कुठेतरी पिकलेल्या फणसाचा वास मिसळलेला असायचा. दुपारी डांबर पातळ होऊन टायरला चिकटायचं आणि संध्याकाळी अचानक असा गार वारा सुटायचा की मुंबईच्या बायका शाली शोधायला लागायच्या. आम्ही ड्रायव्हर स्टेशनबाहेरच्या आंब्याखाली बसायचो. गाडी आली की सगळे उठून उभे. "कार्ला, भाजे, राजमाची पॉइंट!" असं ओरडून ओरडून घसा बसायचा. गिऱ्हाईक मात्र आमच्या घशाकडे बघत नसे, गाडीकडे बघे. आणि माझी गाडी बघण्यासारखी नव्हती. म्हणजे, ती माझी नव्हतीच. एका मालकाची जुनी खटारा होती, दिवसाच्या करारावर. चढावर रेडिएटर असं उकळायचं की त्यावर चहा झाला असता.

आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. खंडाळा सोडून बोरघाटाची उतरण लागली की आम्ही सगळे इंजिन बंद करायचो. गिअर काढायचा, चावी फिरवायची, आणि गाडी नुसत्या उतारावर सोडायची ती थेट खोपोलीपर्यंत. हातात स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक, बाकी सगळं देवावर. मालक पेट्रोल मापून द्यायचा, आणि उतारावर जे वाचेल ते ड्रायव्हरचं, असा अलिखित कायदा होता. स्टँडवर नवा माणूस आला की पहिला प्रश्न हाच. "खोपोलीपर्यंत चावी किती वेळा लावतोस?" एकदाही नाही म्हणाला, तर त्याला चहा. आज हे ऐकून कुणाच्या अंगावर काटा येईल. यावा. पण एक खरं सांगतो, इंजिन बंद झालं की घाट बोलायला लागायचा. झाडीतले पक्षी ऐकू यायचे, पलीकडच्या डोंगरातून चढणाऱ्या रेल्वेची घरघर ऐकू यायची, वाऱ्याने कान भरून जायचे. त्या शांततेची मला चटक लागली होती. पेट्रोल हे निमित्त.

तर त्या सीझनला मी ठरवलं, आता गाडी स्वतःची. पैसे साठवले होते. खंडाळ्याला एका शेटचा बंगला होता, त्यांच्या दोन गाड्या काढायच्या होत्या. शेटचं वय झालेलं, मुलगा परदेशी गेलेला, गाड्यांत फिरणार कोण? दोन्ही एकाच परदेशी कंपनीच्या, एकाच सालच्या. एक काळी, साधी. दुसरी लाल. तिला ते 'स्पेशल' म्हणायचे. कंपनीने म्हणे मोजक्याच काढल्या होत्या. खाली पिकल्या टोमॅटोचा रंग, वर दुधी टप, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख, दारावर तिरक्या सोनेरी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. आत कातडी सीट, आणि समोर घड्याळ. चालू घड्याळ! काळीला सहा सिलिंडर, लालला आठ. शेटच्या ड्रायव्हरने, लक्ष्मणरावांनी, चावी फिरवली तेव्हा ती ओरडली नाही, नुसती घशात गुरगुरली. मी बोनेटवर हात ठेवून बघत राहिलो. खोटं कशाला सांगू, बायकोला बघायला गेलो तेव्हाही असं बघितलं नव्हतं.

"दत्तू, तू काळी घे," शेट म्हणाले. "तुझ्या कामाची आहे. लाल हौसेची."

भल्या माणसाने इतकं स्पष्ट सांगितलं होतं. पण हौस हा शब्द ऐकल्यावर माणूस पुढचं ऐकतो का? माझ्याकडचे पैसे काळीला बरोबर पुरत होते. लालला वर जे लागत होते, तेवढ्यात दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या. आल्या असत्या कसल्या, जायच्या होत्या. कारण तेवढं मोल असलेली एकच गोष्ट आमच्या घरात होती, ती म्हणजे सगुणाच्या म्हशी.

सगुणा माझी बायको. आंदर मावळातली. तिच्या गावाला तेव्हा एसटी आली तर आली, नाहीतर डोंगर उतरून चार तास चाला. लग्नात तिच्या वडिलांनी एक पारडी दिली होती, ती पायी चालवत आमच्या दारापर्यंत आणली. ती झाली चांदी. चांदीची लेक मैना. दोघी आमच्या घरामागच्या गोठ्यात, आणि सगुणाचा दिवस त्यांच्याबरोबर उजाडायचा. सीझनला दुधाला भाव. चार बंगल्यांना तिचंच दूध जायचं, त्यात शेटचाही. ते पैसे तिचे. त्यातून तिने घरावर कौलं घातली, धाकट्या बहिणीचं बाळंतपण केलं. त्या पैशाला मी कधी हात लावला नव्हता. शेजारपाजारच्या बायका नवऱ्याकडे मागायच्या, सगुणा मागत नसे. तिची मान जरा ताठ होती ती त्या दोन म्हशींमुळे, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी विषय काढलाच. ती धार काढत होती. मी खांबाला टेकून लाल गाडीचं वर्णन करत होतो.

"काळी नि तांबडी, दोगींना चाकं चारच ना?" तिने मान वर न करता विचारलं.

"अगं, हिला आठ सिलिंडर आहेत!"

"मंग आठ मानसं बसत्यात का?"

"तसं नाही. ताकद असते. घाट असा चढते की बस्स. मुंबईची माणसं हीच गाडी मागतील. लग्नं मिळतील. दोन वर्षांत चार म्हशी घेऊन देतो तुला."

चरवीत दुधाच्या धारा पडत राहिल्या. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, "मला बसवून शिंग्रोबाला न्या. नारळ फोडू. मंग बगू."

घाटाच्या मध्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटातून जाणारा कुठलाही ड्रायव्हर तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाही, मग तो ट्रकवाला असो की बड्या साहेबाचा शोफर. नवी गाडी तर तिथे दाखवायलाच हवी. मी शेटकडे गेलो, चार दिवस चालवून बघतो म्हणालो. शनिवारी चाकणचा गुरांचा बाजार होता, त्याच्या आत काय ते ठरवायचं होतं. शेट हसून हो म्हणाले. लक्ष्मणरावांनी किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "दत्तोबा, उतारावर इंजिन चालू असू द्या बरं का. बंद करू नका."

मी मान डोलावली आणि मनात हसलो. म्हटलं, शेटच्या पेट्रोलवर जन्म काढलेला माणूस, त्याला वाचवण्याची काय किंमत! आपण घाटातले. आपल्याला हा शिकवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सगुणाने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर नारळ. पुढची सीट एवढी रुंद की आमच्या दोघांच्या मध्ये एखादा पाहुणा बसला असता. स्टँडवरून मुद्दाम गेलो. बबन नावाचा माझा दोस्त होता, तो आंब्याखालून उठून उभाच राहिला. "दत्त्या, लेका, तुझी का?" मी नुसता हॉर्न दिला. तो हॉर्न दोन सुरांत वाजायचा. सगुणाने तोंडाला पदर लावला, पण हसताना मी पाहिलं. त्या सकाळी मी जगातला सगळ्यात मोठा माणूस होतो.

खंडाळा मागे पडला, उतरण लागली, आणि माझा हात आपोआप चावीकडे गेला. विचार करून गेला असं नाही. पायात चप्पल घालताना कुणी विचार करतो का? इंजिन बंद. ते गुरगुरणं थांबलं आणि घाट बोलायला लागला. "आता ऐक," मी सगुणाला म्हणालो. खाली दरीत कोकणाचा उन्हाळा धुरकट पसरलेला, कडेच्या जाळ्यांत करवंदं पिकून काळी झालेली. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला, लोण्यासारखा लागला. दुसऱ्या वळणाला लागला, पण जरा जड. तिसऱ्या वळणाला मी पाय ठेवला आणि पेडल हललंच नाही. दगडावर पाय ठेवावा तसं. मी जोर केला. मग दोन्ही पाय दिले. सीटवरून जवळजवळ उभा राहिलो. गाडी थोडी मंदावली, पण थांबायचं नाव नाही. लाकडं भरलेला एक ट्रक समोरून दम टाकत वर येत होता. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला ट्रक, त्याच्यापलीकडे काही नाही. हँडब्रेक ओढला तर जळका वास सुटला. मग काय सुचलं कोण जाणे, मी गिअर टाकून क्लच सोडून दिला. गाडीला असा हिसका बसला की सगुणा पुढे आपटली. इंजिन धडपडून जागं झालं आणि माझ्या पायाखालचं पेडल एकदम मऊ होऊन खाली गेलं. ट्रक बाजूने निघून गेला. शिंग्रोबाच्या पायरीजवळ मी गाडी लावली.

उतरलो आणि उकिडवा बसून टायर बघण्याचं नाटक केलं. शिंग्रोबासमोर नारळ फोडायला गेलो तर तीन घावांत फुटेना. सगुणाने तो माझ्या हातातून घेतला, एकदाच आपटला, दोन शकलं. खोबऱ्याचा तुकडा मला दिला, एक तिने खाल्ला. मी वाट बघत होतो, आता ओरडेल, आता रडेल. तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, "लय मजा आली. येकदा परत."

"काय?"

"वर न्या नि परत खाली आना. येकदा. मला आवडलं."

बायकोचा इतका राग मला कधी आला नव्हता. माझा जीव गळ्याशी आलेला, आणि हिला झोका खेळल्यासारखं वाटतंय! पण काय सांगणार? ब्रेक लागला नाही म्हणून सांगायचं, तर कालपर्यंत जिची आरती ओवाळली तिचा पाणउतारा स्वतःच्या तोंडाने करायचा. मी गाडी फिरवली. आणि वर जाताना, देवाशपथ, ती लाल काय चढली! जिथे आमच्या खटाऱ्या पहिल्या गिअरमध्ये रडायच्या, तिथे हिला चढ असल्याचं कळतच नव्हतं. वाटेत चार ट्रक बोनेट उघडून वाफा सोडत उभे होते. त्यांच्या शेजारून आम्ही गाणं म्हणत गेल्यासारखे गेलो. खंडाळ्याला वळलो. उतरणीच्या तोंडाशी माझा हात पुन्हा चावीकडे गेला आणि तिथेच गोठला. भीतीने मी इंजिन चालूच ठेवलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंडाने देवाचं नाव. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. ब्रेक प्रत्येक वेळी लोण्यासारखा. शिंग्रोबापाशी येईपर्यंत माझा श्वास जागेवर आला होता. सगुणा बाहेर दरीकडे बघत बसली होती.

"घ्या हीच," ती म्हणाली. "शनवारी म्हशी इका."

एवढ्या वर्षांत मी तिच्याकडून हो म्हणून घेण्यासाठी किती आटापिटा केला असेल, पण हे 'हो' माझ्या छातीवर धोंड्यासारखं येऊन बसलं.

संध्याकाळच्या आत मी लक्ष्मणरावांना गाठलं. ते बंगल्याच्या पायरीवर तंबाखू मळत होते. सगळं ऐकून त्यांनी तंबाखू तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाले, "बंद केलंत ना इंजिन? सांगितलं होतं. इंजिन हवा ओढतं ना, त्या ओढीवर ह्या स्पेशलचा ब्रेक चालतो. म्हणून एवढा हलका. इंजिन बंद केलं की दोनदा-तीनदा लागेल, पुढे पेडल दगड. काळीचा ब्रेक साधा आहे, पाय दुखेल, पण इंजिन असो नसो, लागेल."

म्हणजे गाडीत खोट नव्हती. खोट माझ्या हाताच्या सवयीत होती. ज्या सोयीसाठी लोक जास्तीचे पैसे मोजत होते, तीच सोय आमच्या घाटातल्या रीतीला घातक होती. ही गाडी घेतली तर उतारावरही आठ सिलिंडर पेट्रोल पीत राहणार. आणि समजा मी सवय मोडली, तरी एखाद्या दमलेल्या दुपारी, मागे पाच माणसं बसलेली असताना, हात आपोआप चावीकडे जाणार नाही याची हमी कोण देणार? मी रस्त्याने चालत घरी आलो. वाटेभर मला गाडी दिसत नव्हती, चांदी आणि मैना दिसत होत्या, चाकणच्या बाजारात खुंट्याला बांधलेल्या, आणि कोणीतरी अनोळखी माणूस त्यांचे दात बघतोय.

घरी येऊन मी खोटं बोललो. "शेटनी लालचा भाव वाढवला. परवडत नाही. काळीच घेतो."

"बरं," सगुणा म्हणाली, आणि म्हशींना वैरण टाकायला गेली. मला वाटलं, हिरमुसली बिचारी. हौस झाली होती तिला.

काळी आमच्याकडे बारा वर्षं राहिली. कुरकुर न करता राबली. तिच्यावर घर चाललं, दोन पोरांची शिक्षणं झाली. दिसायला ती स्वयंपाकघरातल्या तव्यासारखी होती आणि तितकीच उपयोगी. लाल मुंबईच्या एका हॉटेलवाल्याने घेतली. सीझनला तो तिला लोणावळ्याला आणायचा. स्टँडवरून ती गुरगुरत गेली की मी वर्तमानपत्र वर धरायचो. बबन मुद्दाम म्हणायचा, "दत्त्या, बघ, तुझी गेली!"

मागच्या महिन्यात नातू आला होता. जवळच आंबीच्या एका कंपनीत आहे, पगार बरा आहे. मोबाइलवर मला गाडी दाखवत होता. तीच गाडी दोन रूपांत. एक साधी, आणि एक काळ्या चाकांची, बाजूला लाल पट्टे, आत लाल शिवण, आवाजही म्हणे वेगळा. स्पेशल एडिशन. किमतीत फरक भरपूर. "आजोबा, तुम्ही आयुष्य गाड्यांत काढलंत. सांगा, वरचे पैसे वसूल आहेत का?" आता ह्या पोराला काय सांगणार? इंजिन तेच आहे का विचारलं, तर तेच. पण त्याचे डोळे बघितले आणि मला ते शेटच्या बंगल्यातले माझे डोळे वाटले. वसूल कशाला व्हायला हवं? हौस वसूल होत नसते, ती फिटते. घाट चढतानाची ती पंधरा मिनिटं अजून माझ्या अंगात आहेत, त्यांचं मोल मी कुठल्या तराजूत घालू? लाल तिच्या किमतीची होती. पैशापैशाची होती. फक्त ती किंमत माझ्या खिशातून जाणार नव्हती. मी नातवाला एवढंच म्हटलं, "वरचे पैसे कुणाच्या गोठ्यातून येणार आहेत ते आधी बघ." त्याला काही कळलं नाही. "आजोबा, लोन आहे," म्हणाला.

पण माझी गोष्ट अजून संपलेली नाही. काळी घेतल्यानंतर चार-पाच सीझन गेले असतील. एका सकाळी सगुणा अंगणात कुरडया घालत होती. सोऱ्या दाबायचं काम माझ्याकडे, कारण हातात जोर. मी दाबायचो, ती धोतराच्या फडक्यावर वेटोळी उतरवून घ्यायची. तेवढ्यात समोरच्या रस्त्याने ती लाल गेली. रंग थोडा विटला होता, पण तेच गुरगुरणं. सगुणाने हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. मला राहवेना. इतकी वर्षं ती हळहळते आहे आणि मी खोट्यावर बसलो आहे, हे मला सहन होईना.

"सगुणा, शेटनी भाव वाढवला नव्हता," मी म्हणालो.

"ठाव हाय मला."

"ठाव हाय?"

"त्यांच्या बंगल्यावर दूध कोन घालत व्हतं? शेटच्या बाईंनी दुसऱ्याच दिशी इचारलं, तुज्या मालकानं तांबडी का गं सोडली. दाबा, पीठ वाळतंय."

मी दाबलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुमी कुटं बोललात?"

"अगं, त्या दिवशी घाटात ब्रेक..."

"लागला न्हवता. तुमी दोनी पाय देऊन उबं ऱ्हायलाता. मी काय आंदळी व्हते?"

"मग परत एकदा खाली न्या का म्हणालीस? मजा आली म्हणालीस!"

"कसली मजा? माजी दातखीळ बसली व्हती." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "म्हैस वढ्याच्या वगळीत घसरून बिचकली, तर तिला त्याच दिशी, त्याच वगळीतनं परत न्यावी लागती. तशीच घरला आनून बांदली, तर जल्मात त्या वाटंला जात न्हाई. तुमी त्या दिशी तसंच घरला आला असता, तर परत घाटात गाडी घातली असती का? खरं सांगा."

मी खरं सांगितलं. नसती घातली. त्या देवळाच्या पायरीवर टायरकडे बघत मी मनात ठरवलंच होतं, की आता हा धंदा नको. स्टेशनवर हमाली करू, पण घाट नको. हे मी कुणालाही, कधीही सांगितलं नव्हतं.

"आणि म्हशी विका म्हणालीस, तेही उगीच?"

"न्हाई. ते खरं व्हतं. तुमचा हात चाकावर ऱ्हायला पायजे व्हता. मंग गाडी कंची का असंना."

"अगं, पण दुसऱ्या खेपेलाही ब्रेक लागला नसता तर? तुला काय माहीत होतं इंजिनाचं? मलाच माहीत नव्हतं!"

तिने फडक्यावरची एक वाकडी कुरडई बोटाने सारखी केली.

"म्हनून तर संगं बसले व्हते," ती म्हणाली. "तुमाला येकट्याला कशी धाडनार?"

मी सोऱ्या खाली ठेवला. डोळ्यांवर ऊन येतंय, असं म्हणणार होतो. पण ह्या बाईशी एकदा खोटं बोलून पाहिलं होतं, तेवढं पुरे झालं. तिच्यासमोर, भर अंगणात, पिठाने भरलेल्या हातांनी मी रडलो.